मुशीचे तेल, युद्धकाळातील

मुशी (शार्क) या माशाच्या यकृतातून काढलेले, ‘अ’ जीवनसत्त्वाने समृद्ध तेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोळ्यांच्या आरोग्यासाठी भारतात त्याचे उत्पादन सुरू झाले.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले आणि तिकडून येणारे, ‘अ’ आणि ‘ड’ जीवनसत्त्वे पुरवणारे कॉड माशाचे तेल मिळेनासे झाले. ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी आधी रातांधळेपणा येतो, मग बुबुळ कोरडे पडते आणि अखेर मूल कायमचे आंधळे होते. ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर हाडे व दात नीट घडत नाहीत. ब्रिटनने डिसेंबर १९४१ पासून दोन वर्षांखालील मुलांना कॉडतेल मोफत दिले. भारतात मद्रास इलाखा, त्रावणकोर व मुंबई इलाख्याने आपल्याच समुद्रातील मुशीकडे वळायचे ठरवले.

हा पर्याय दुय्यम मुळीच नव्हता. औषधकोशाच्या मानकानुसार कॉडतेलात ग्रॅममागे किमान ६०० एकक ‘अ’ जीवनसत्त्व लागते, मुशीच्या तेलात ६,०००. मात्र ‘ड’ त्यात कमी असल्याने ते वेगळे मिसळावे लागे. ताजे यकृत बारीक करून तापवत, वर आलेले तेल गाळत आणि शेंगदाणा तेलात मिसळून सौम्य करत.

कोकण किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याची रीत आहे. दंतवैद्य दुर्मीळ होते: आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या (१९४६) हिशेबाने देशात सुमारे १,००० पात्र दंतवैद्य, म्हणजे तीन लाख लोकांमागे एक. गावात दातांची निगा राखुंडी आणि बाभळीच्या काडीवरच होती. अशा काळात प्रतिबंध हाच खरा उपचार होता, आणि तो मासे धरणाऱ्यांच्या हातून आला. वैद्यकाच्या इतिहासात कोळ्यांचे हे श्रम नोंदले जायला हवेत.

१९४७ मध्ये ‘अ’ जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार झाले आणि पुढे मुशीच्या तेलाची गरज ओसरली. भारतात १९७० पासून मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस दिले जातात. नवव्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंतचे नऊही डोस पालकांनी चुकवू नयेत.