दोन खिडक्या, एक रुग्ण

क्षय म्हणजे झिजणं. संध्याकाळचा बारीक ताप, न थांबणारा खोकला, उतरत जाणारं वजन ही लक्षणं आपल्या आज्यांनाही माहीत होती. या रोगाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये शोधला. एचआयव्ही त्या मानाने नवा. भारतात तो पहिल्यांदा १९८६ मध्ये, मद्रासला आढळला.

टीबीचे जंतू कित्येकांच्या अंगात गप्प पडून असतात, कारण प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते. एचआयव्ही नेमकी तीच शक्ती पोखरतो. म्हणून ‘एड्सने गेला’ असं आपण ज्यांच्याबद्दल ऐकलं, त्यांतल्या अनेकांचा जीव खरं तर टीबीने घेतला. आणि टीबी तर बरा होणारा आजार!

मग अडलं कुठे? टीबीचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ चा, एड्सचा १९९२ चा. आजार एकाच देहात, पण खिडक्या दोन. एका खिडकीवरची गोष्ट दुसरीला कळत नसे. दोन्ही कार्यक्रमांची सांगड घालायला २००१ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरुवात झाली. एचआयव्हीची मोफत औषधं मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून, आणि तीही आधी मुंबईच्या जे.जे.सारख्या मोजक्या ठिकाणी. कोपरगावच्या बाईला ती वाट किती लांबची!

आपल्या भागात आणखी एक अडचण होती, ती अजूनही आहे. टीबीचं औषध साधारण सहा महिने घ्यावं लागतं, आणि ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. नवरा-बायकोचा कोयता कारखान्याच्या तळावर आला की औषध गावाकडे राहतं. अर्धवट सोडलेल्या औषधाला जंतू पुढे दाद देतीलच असं नाही.

याहून मोठी अडचण लाजेची. नवरा गेला की सून घराबाहेर, हे आपण पाहिलंय. नगरमध्ये १९८९ पासून काम करणाऱ्या ‘स्नेहालय’ने अशा किती तरी जणींना आसरा दिला. आता कायदाही पाठीशी आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि राहत्या सामाईक घरातून काढताही येत नाही.

आज टीबीच्या रुग्णाला एचआयव्हीची तपासणी सुचवली जाते. एचआयव्ही असलेल्याला दर भेटीत चार गोष्टी विचारतात: खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम. यांतली एक जरी असली, तरी दोन आठवडे वाट पाहायची नाही. अशा रुग्णाच्या थुंकीत साध्या तपासणीत जंतू दिसतीलच असं नाही, म्हणून सीबीनॅट तपासणीबद्दल विचारा. दोन्ही आजारांची औषधं सोबत घेता येतात, फक्त दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही सांगा. तळावर निघताना टीबीचं कार्ड आणि गोळ्या भाकरीच्या फडक्यासोबतच बांधा.

खिडक्या जवळ यायला बरीच वर्षं लागली. पोचायला आपण उशीर करू नये.