गाडीवान पाणी ऐकतो

कसारा घाटाच्या पायथ्याशी तुमची कॅरॅव्हॅन ट्रकांच्या रांगेत अडकली आहे. आत पलंग, शेगडी, मोरी. अख्खा संसार चाकांवर. काचेवरचं धुकं तुम्ही तळहाताने पुसता, तर बाहेर ट्रक नाहीत. दोन शेपट्या हलताहेत.

साल 1864, श्रावण. तुम्ही दमणीत आहात. वर कामट्यांचा टप, त्यावर घोंगड्या, खाली कडब्यावर अंथरूण. मुंबईहून कसाऱ्यापर्यंत आगगाडीने आलात. घाटावर इगतपुरीपासून नाशिककडेही आगगाडी धावते. मधला घाट तेवढा राहिलाय. तिथला रूळ सुरू होणार 1 जानेवारी 1865 ला. पाच महिने थांबला असतात तर पायही ओले झाले नसते. असो.

"उतरा मालक, चढ लागला."

थळ घाटात, म्हणजे याच कसारा घाटात, प्रवासी गाडीत बसत नाही. गाडीच्या मागे चालतो आणि बैल थांबले की चाकामागे दगड लावतो. जुन्या प्रवासाची गोडवे गाणाऱ्यांनी हे काम तासभर करून पाहावं. दोन्हीकडून धबधबे कोसळताहेत, पण तुमचे डोळे चाकावरून हटत नाहीत.

वर पोचल्यावर सामानाची पुन्हा चढउतार नको म्हणून दमणीच पुढे न्यायची ठरते. नाशिक येतं, मागे पडतं. जायचंय त्र्यंबकला, पण गाडीवान वाट वाकडी करून गंगापूरच्या धबधब्याशी मुक्काम टाकतो. पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई याच गावात राहिल्या, हे तो घरचं माणूस असल्यासारखं सांगतो.

बैल सुटतात. जू उतरताच ते मान झटकतात, घुंगरं वाजतात. आधी त्यांना कडबा, मग तुमचं पिठलं. हा क्रम बदलत नाही. सरपण ओलं, चूल धुमसते, डोळ्यांतून पाणी. समोर काळ्या कातळावरून गंगा (गोदावरी म्हणाल तर गाडीवान क्षणभर थांबून तुमच्याकडे बघेल) दुधासारखी फुटते आहे. काठच्या एका सपाट दगडावर बसून तुम्ही भाकरी मोडता. तुषारांनी पिठलं पातळ होतं. तेही बरं लागतं.

वरच्या अंगाला गंगापूरचं धरण नाही. ते पुढच्या शतकातलं. किती क्युसेक सोडले, सायरन कधी वाजला, काही नाही. मध्यरात्री गाडीवान उठून बसतो. तुम्हाला तोच घनगंभीर आवाज ऐकू येतो. त्याला त्यात दगड गडगडताना ऐकू येतात. ओंजळीत पाणी घेऊन तो कंदिलाशी धरतो. गढूळ.

"वर पडलाय मोप. गाडी मागं घ्यायची."

बैल निजलेले, म्हणून जुवाखाली तुम्ही दोघं. चिखलात पाय रुततात, दमणी तीस पावलं वर सरकते.

उजाडल्यावर तुम्ही काठावर येता. पाणी तांबडं झालंय. कालचा सपाट दगड शोधता. तिथून आता नदी वाहते आहे.