गंधाचा निरोप

यंत्राशीं बोलण्याचें काम मनुष्यानें आजवर डोळा, कान व बोटें यांच्याकडेच सोंपविलें आहे. संगणकाच्या या युगांतहि नाक उपेक्षितच राहिलें. तें कां, याचा इतिहास मनोरंजक आहे, तितकाच बोधप्रदहि आहे असें आम्हांस वाटतें.

गंधाकडून निरोप घेण्याची कल्पना मुळींच नवी नव्हे. चीन व जपान या देशांत पूर्वीं धूपघड्या असत. त्यांत क्रमाक्रमानें निरनिराळ्या सुवासाचा धूप भरीत. वास पालटला, कीं वेळ सरल्याचें न पाहतांच कळे. पुढें चित्रपटकारांस मोह पडला. १९६० सालीं 'सेंट ऑफ मिस्टरी' या बोलपटाच्या वेळीं हान्स लाउबे याच्या यंत्रानें प्रेक्षकांच्या आसनांपाशीं नळ्यांवाटे वास सोडले. प्रयोग फसला. १९९९ सालीं स्थापन झालेल्या डिजिसेंट्स या अमेरिकन कंपनीनें संगणकास जोडावयाची 'आयस्मेल' नांवाची सुगंधपेटी देऊं केली. २००१ मध्यें ती कंपनीच बंद पडली.

या अपयशाचें एक कारण निसर्गांतच आहे. तीन रंगांच्या मिश्रणानें पडद्यावर वाटेल तें चित्र उमटतें. गंधाचे असे तीन मूळ घटक नाहींत. लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनीं १९९१ सालीं गंधग्राही प्रथिनांचें अफाट कुटुंब उजेडांत आणलें, व त्याबद्दल त्यांस २००४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. मनुष्याच्या नाकांत अशीं सुमारें ४०० प्रकारचीं प्रथिनें आहेत. शिवाय चित्र क्षणांत पुसतां येतें. वास रेंगाळतो, पुढच्या वासांत मिसळतो, आणि नाक तर त्यास लवकरच सरावतें.

तर मग गंध निरुपयोगीच काय? तसें नव्हे. १८ मार्च १९३७ रोजीं टेक्सासमधील न्यू लंडन येथील शाळेखालीं निर्गंध नैसर्गिक वायु साचून स्फोट झाला, व सुमारें ३०० मुलें व शिक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर तेथें अशा वायूंत दुर्गंधी द्रव्य मिसळणें कायद्यानें सक्तीचें झालें. आपल्या घरच्या सिलिंडराचा वासहि गॅसचा नव्हे; तो मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टनाचा आहे. अक्षर न वाचणाऱ्यासहि तो निरोप समजतो.

आमच्या मतें संगणकासाठीं गंधयोजना करणारांनीं हाच धडा घ्यावा. नाकास कादंबरी वाचावयास लावूं नये. एकच, महत्त्वाचा निरोप द्यावा. मात्र त्यावरच विसंबूंहि नये. २०२० च्या साथींत असंख्य लोकांची घ्राणशक्ति कांहीं काळ हरपली होती. त्या दिवसांत त्यांच्या स्वयंपाकघरांतील हा मूक पहारेकरी त्यांच्यापुरता नाहींसाच झाला होता. गंधाच्या जोडीस घंटाहि असावी, हें शहाणपणाचें.