चमच्याच्या दांड्यावरील साक्ष

मुलाला पहिला दात आला की त्याला चांदीचा चमचा भेट द्यावा, अशी रशियात जुनी चाल होती. आपल्याकडे उष्टावणाला आजोळाहून चांदीची वाटी यावी, तसाच हा प्रकार. अशा वस्तूचे मोल वजनापेक्षा नात्यात अधिक. मात्र या चमच्याच्या दांड्यामागे बारीक ठशांची एक ओळ असते आणि ती नात्याची नव्हे, तर राज्यसत्तेची भाषा बोलते. जुना रशियन चमचा पारखणे म्हणजे प्रथम ही भाषा वाचणे होय.

या भाषेला नियमबद्ध रूप दिले पीटर पहिला याने. १७०० सालच्या त्याच्या फर्मानाने मौल्यवान धातूंचा कस पाहून त्यांवर मुद्रा उमटवण्याची पद्धत घालून दिली. कस मोजण्याचे माप होते झोलोत्निक. रशियन पौंडाचा ९६ वा हिस्सा म्हणजे एक झोलोत्निक, सुमारे सव्वाचार ग्रॅम. शुद्ध चांदी ९६ ची मानली जाई, आणि चमच्यावर बहुधा आढळणारा ८४ हा आकडा हजारी हिशेबात ८७५ होतो. ८८ आणि ९१ हे आकडे त्याहून वरच्या कसाचे. मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये; आपल्या तोळ्याचे मासे बारा आणि गुंजाही ९६ च.

एकोणिसाव्या शतकातील चमच्यावर सामान्यतः चार गोष्टी दिसतात. पहिली गावाची खूण : मॉस्कोसाठी अजगराला भाल्याने मारणारा घोडेस्वार संत जॉर्ज, सेंट पीटर्सबर्गसाठी एकमेकांवर आडवे टाकलेले दोन नांगर आणि मधून गेलेला राजदंड. दुसरी, कस पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाची आद्याक्षरे व वर्ष. तिसरी कसाचा आकडा आणि चौथी कारागिराची वा पेढीची मुद्रा. या चौघांत वर्षाचा अंक हा अभ्यासकाला मिळालेला मोठाच आधार.

१८९९ साली ही व्यवस्था पालटली. गावोगावच्या खुणांच्या जागी ‘कोकोश्निक’ हे पारंपरिक शिरोभूषण घातलेल्या स्त्रीचे मुख आले. १९०८ पर्यंत हे मुख पाहणाऱ्याच्या डावीकडे वळलेले असून सोबत अधिकाऱ्याची आद्याक्षरे असतात. १९०८ नंतर ते उजवीकडे वळते आणि प्रांत ग्रीक अक्षराने कळतो : आल्फा सेंट पीटर्सबर्गचे, डेल्टा मॉस्कोचे. या ठशात वर्ष मात्र नाही. १९२७ पासून सोव्हिएत राजवटीने हातोडाधारी कामगाराचे मस्तक आणले व झोलोत्निकऐवजी हजारी आकडा. १९५८ पासून पंचकोनी ताऱ्यात कोयता-हातोडा आला.

एवढे कोष्टक पाठ असले म्हणजे पारखी झालो, असे समजणे भोळेपणाचे आहे. कारण बनावट करणाऱ्यालाही तेच कोष्टक पाठ असते. म्हणून ठशांपेक्षा त्यांची परस्परसंगती महत्त्वाची. कोकोश्निकच्या मुद्रेबरोबर १८८० साल कोरलेले असेल, तर ते कोरीवकाम तरी मागाहूनचे किंवा मुद्रा तरी खोटी. १९१८ च्या लिपिसुधारणेपूर्वी व्यंजनान्त रशियन शब्दाच्या शेवटी एक मूक चिन्ह लिहीत. जुन्या तारखेच्या अर्पणलेखात ते नसेल, तर लेखनच चुगली करते. पोलादी छापाने मारलेल्या ठशाच्या कडा स्वच्छ असतात, साच्यातून ओतलेल्या बोथट आणि दाणेदार. सहा चमच्यांवरील ठसे एकाच जागी, एकाच कलाने, एकाच ओरखड्यासह आले, तर ते सहाही एकाच मूळ चमच्याची ओतीव अपत्ये होत.

मोठ्या नावांपाशी लबाडी अधिक घुटमळते. कार्ल फाबेर्झे याची मॉस्कोतील पेढी चमचे, सुऱ्या, चहाची भांडी असा घरगुती मालही करी. त्याच्या किंवा ओव्चिन्निकोव्हच्या नावाची मुद्रा मारली की साध्या वस्तूची किंमत कैक पटींनी वाढते. सर्वांत कठीण प्रकार मात्र निराळाच. एखादा साधा, अस्सल, ८४ कसाचा जुना चमचा घ्यायचा आणि त्यावर आज रंगीत मीनाकारी चढवायची. इथे चांदी खरी, ठसा खरा, वयही खरे. तरीही वस्तू खोटी. ठसा धातूची ग्वाही देतो, कलेची नव्हे, हे इथे नीट उमगते. अशा वेळी झीज पाहावी लागते. वापराने वाटीचे टोक झिजले आहे, दांड्यावरच्या आद्याक्षरांची धार गेली आहे आणि मीना तेवढा नवा करकरीत आहे, हे कसे घडावे?

हा खटाटोप केवळ संग्राहकांच्या पैशापुरता नाही. १९२२ साली दुष्काळनिवारणाच्या नावाने चर्चमधील मौल्यवान वस्तू जप्त करण्याचा हुकूम निघाला. पुढे १९३१ ते १९३६ या काळात ‘तोर्गसिन’ नावाच्या सरकारी दुकानांत सामान्य नागरिकांकडून सोने आणि १९३२ च्या अखेरीपासून चांदीही घेतली जाऊ लागली. १९३२-३३ च्या भीषण दुष्काळात लोकांनी लग्नाच्या अंगठ्या, क्रूस आणि चमचे देऊन तिथून पीठ घेतले. दुकानात घडणावळीला किंमत नव्हती. चांदी मोडीच्या भावाने, वजनावर जाई आणि आटवली जाई. ज्या मुलाच्या पहिल्या दाताला चमचा आला, त्याच्याच घासासाठी तो गेला, असे किती घरांत घडले असेल!

म्हणून आज हाती येणारा प्रत्येक अस्सल चमचा हा भट्टीतून वाचलेला साक्षीदार आहे. राज्यसत्तेने कर आणि कस यांच्यासाठी मारलेला ठसा आता त्याच राज्यसत्तेच्या हातून जे नाहीसे झाले, त्याचा दाखला ठरला आहे. खोटा ठसा ग्राहकाला फसवतो ते एकदाच. या साक्षीत मात्र तो कायमची भेसळ करून ठेवतो.