माहीमचा आसरा

शीव कोळीवाड्यातून निघून तुम्ही शीवच्या किल्ल्याची टेकडी चढता. १६६९ ते १६७७ या काळात इंग्रजांनी तो बांधला. वर पोहोचलात की उत्तरेकडे तोंड करा. महामार्ग, रेल्वेचे रूळ, धारावीचे पत्रे, सगळं नजरेआड होऊ द्या. साल आहे १७३९.

खाली खाडीला भरती आहे. अलीकडे इंग्रजांची मुंबई, पलीकडे साष्टी, आणि साष्टीत मराठ्यांची फौज. चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांच्या वसईला वेढा दिलाय. ऐकून तुमची छाती फुगते. ती तशीच घेऊन खारफुटीच्या कडेकडेने पश्चिमेला चला, चिखल तुडवत, थेट माहीमपर्यंत. वांद्र्याला जोडणारा रस्ता व्हायला अजून शंभरावर वर्षं आहेत. पलीकडून यायचं तर होडीच हवी.

मराठ्यांच्या धाकाने वांद्र्याच्या डोंगरावरून वाचवून आणलेली मोतमाऊलीची, म्हणजे माउंट मेरीची, प्रतिमा माहीमच्या संत मायकेल चर्चमध्ये येते. दाराशी तुम्ही गर्दीत उभे आहात. लढाई जिंकणारेही तुमचे आणि देव उराशी धरून आलेले हे लोकही तुमचेच. दोघांची बोली मराठीच.

इथूनच आणखी सतरा शतकं मागे जा. मत्तयाच्या शुभवर्तमानातली रात्र. हेरोद राजा बाळाच्या जिवावर उठलाय. योसेफ बाळ-बाळंतिणीला घेऊन मिसर देशाकडे निघालाय, आणि तुम्ही त्यांच्या मागे वाळू तुडवताय. हे कुटुंब जिथे राहिलं असं कॉप्टिक ख्रिस्ती मानतात, त्या जुन्या कैरोतल्या जागेवर पुढे अबू सर्गाचं चर्च उभं राहिलं. भाविक आजही त्याच्या तळघरापाशी येऊन हात जोडतात. शुभवर्तमानात तिथे कुणी आंधळा डोळस होत नाही, कुणी मेलेला उठत नाही. परमुलखात एका कुटुंबाला डोकं टेकायला जागा मिळाली, एवढ्यासाठी ते तीर्थ झालं.

परत माहीमला या. प्रतिमा इथे बावीस वर्षं राहते. १७६१ उजाडतं, पानिपतचं साल. साष्टीवर अजून मराठ्यांचाच अंमल आहे, आणि त्याच अंमलात मोतमाऊली मोठ्या थाटामाटात वांद्र्याला परत जाते. त्या मिरवणुकीत चाला. ज्या राज्याच्या धाकाने ती निघाली, त्याच राज्यात तिचं घर पुन्हा उभं राहिलं, हे मराठी माणसाने वसईच्या विजयाइतकंच अभिमानाने सांगावं.

आता पुढे, फाळणीनंतरच्या शीव कोळीवाड्यात. पंजाबातून आणि सिंधमधून उठलेली कुटुंबं इथे उतरतायत. कुलपं लावून आलेली घरं त्यांना पुन्हा दिसणार नाहीत. पुढे इथल्या स्टेशनालाच गुरू तेगबहादूर यांचं नाव मिळालं.

आज कोणत्याही बुधवारी माहीमच्या त्याच चर्चमध्ये जा. १९४८पासून चाललेल्या नोव्हेना प्रार्थनेला सगळ्या धर्मांची माणसं येतात, हातात मेणाची घरं घेऊन, डोक्यावर छप्पर मागायला. जुन्या भिंती शोधू नका. आताची इमारत १९७३ची आहे. पण उठून आलेल्याला आत घ्यायचं, ही इथली रीत त्या भिंतींहून जुनी आहे. या शहरात पुढच्या वेळी कुणी परकं माणूस जागा विचारत दारी आलं, तर ती रीत चालवायची पाळी तुमची.