माळढोक पक्षी अभयारण्य, नान्नज

माळढोक पक्षी अभयारण्य हे महाराष्ट्रातील सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांत विखुरलेले संरक्षित क्षेत्र आहे. माळढोक आणि त्याचा गवताळ अधिवास यांच्या रक्षणासाठी ते १९७९ साली स्थापन झाले. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे त्याचे प्रमुख केंद्र असल्यामुळे ते ‘नान्नज अभयारण्य’ या नावानेही ओळखले जाते.

अधिवास

हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. कमी पाऊस आणि उथळ माती यांमुळे येथे दाट जंगल नसून कुसळी, मारवेल यांसारख्या गवतांची माळराने आहेत. काळवीट, लांडगा, खोकड आणि धाविक हे येथील अन्य वन्यजीव होत.

माळढोक

उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांत माळढोकाची गणना होते. पूर्ण वाढलेला नर सुमारे १ मीटर उंच असून त्याचे वजन १५ किलोग्रॅमपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे घटलेली संख्या फार सावकाश भरून निघते.

सीमांचा प्रश्न

स्थापनेच्या वेळी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौ.किमी. होते. त्यात गावे आणि खाजगी शेतजमिनीही समाविष्ट होत्या. जमिनीचे व्यवहार व बांधकाम यांवरील निर्बंधांमुळे स्थानिकांत असंतोष निर्माण झाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ.किमी. इतके मर्यादित करण्यात आले.

सद्यस्थिती

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ साली माळढोकाचा समावेश अतिसंकटग्रस्त प्रजातींत केला. आज निसर्गात १५० पेक्षा कमी माळढोक उरल्याचे मानले जाते. त्यांतील बहुतेक राजस्थानात असून नान्नज येथे हा पक्षी क्वचितच दिसतो. शिकार, शेतीचा विस्तार, वीजवाहक तारांना धडकणे आणि माळराने पडीक समजून तेथे केलेली वृक्षलागवड ही या ऱ्हासाची प्रमुख कारणे आहेत. राजस्थानातील जैसलमेर जिल्ह्यात २०१९ पासून माळढोकाचे कृत्रिम संगोपन व प्रजनन केले जात आहे.

महत्त्व

युनेस्कोने २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. त्यात महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी यांचा समावेश आहे. दख्खनच्या माळरानांना मात्र त्या यादीत स्थान नाही. संगोपन केंद्रांत वाढलेले माळढोक भविष्यात महाराष्ट्रात सोडावयाचे झाल्यास त्यांना मोकळे गवताळ माळ लागतील. त्यामुळे पक्षी दुर्मीळ झाल्यानंतरही नान्नजच्या माळरानाचे संरक्षण महत्त्वाचे ठरते.