चिंधीची चुंबळ

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येला शाळेत 'टोपफ्लापन' शिवायचे होते. टोपफ्लापन म्हणजे गरम भांडे धरायचे जाड, चौकोनी फडके. जर्मन आयांच्या स्वयंपाकघरांत मुलांनी केलेली अशी वेडीवाकडी फडकी पिढ्यान्‌पिढ्या लटकत आली आहेत. सूचना साधी होती: घरात उरलेले सुती कापड आणा. घर धुंडाळले, तर सुती असे काही निघेना. माझे शर्ट अर्धे पॉलिएस्टरचे, पडदे पूर्ण पॉलिएस्टरचे. शेवटी कपाटाच्या वरच्या खणात एकच वस्त्र सापडले, माझ्या आजीचे सुती इरकली लुगडे. त्याला कात्री लावायची की नाही, यावरून आमच्या घरात दोन दिवस महाभारत चालले. "आजीची तेवढीच एक वस्तू आहे," असे मी म्हणत होतो आणि सौ. म्हणत होती, "ती खणात ठेवून काय करायची?"

मंडळी, एर्लांगेनचा निम्मा जीव कापडाचा आहे. १६८५ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले. परागंदा झालेल्या ह्यूगेनॉट लोकांना मार्कग्राफ क्रिस्टियान अर्न्स्टने १६८६ मध्ये जुन्या गावाच्या दक्षिणेला नवे गाव वसवून दिले. आज आपण ज्या सरळ रस्त्यांवरून सायकली हाकतो, ते त्या वेळी आखलेले. ही मंडळी मोजे, हातमोजे, टोप्या करणारी. मोजे विणायचे त्यांचे यंत्र मूळचे विल्यम ली या इंग्रज पाद्र्याचे, १५८९ सालचे. सुयांची अख्खी ओळ एका दमात टाके घेते आणि टाके कमी-जास्त करून पोटरीचा आकार विणतानाच साधता येतो. कापड कापावेच लागत नाही, मग चिंधी कुठून उरणार?

आपल्या नऊवारीचेही तेच. नऊ वार अखंड नेसायचे, त्याला ना कात्री ना शिंपी. कातरण येते ती सदऱ्या-पोलक्यांबरोबर. म्हणून आमच्या जुन्या स्वयंपाकघरातली फडकी शिंप्याच्या कातरणीतून आलेली नसत, ती कापडाच्या म्हातारपणातून येत. लुगडे बसून-उठून आधी मध्ये विरते. तो भाग काढून दोन्ही टोके जोडायची, याला दंड घालणे म्हणतात. दंडाचे लुगडेही विरले की धड तुकडे गोधडीत जात आणि मऊ तुकड्यांची बाळाची दुपटी होत. मग पाळी स्वयंपाकघराची: पोळ्यांच्या डब्यातले फडके, चक्का बांधायचे फडके, भांडे उतरवायची घडी, गोल बुडाच्या भांड्याखालची चुंबळ. सर्वांत शेवटी चुलीचे पोतेरे. बोहारणीला द्यायचे ते जरीचे किंवा बऱ्यापैकी धड असलेले, कारण तिच्याकडून स्टीलचे पातेले पदरात पाडायचे असे. विरलेल्या सुती कापडाकडे ती ढुंकूनही पाहत नसे.

हा सारा काटकसरीचा छंद नव्हता. जर्मनीत १९३९ च्या नोव्हेंबरात कपड्यांची कार्डे आली, माणशी १०० गुण. मोज्यांनाही त्यातलेच गुण मोडायचे. हिंदुस्थानात १९४३ साली कापडावर कंट्रोल आला. आमची आजी सोलापूरची. आजोबा शाळामास्तर, शेजार गिरणीकामगारांचा. १९४९ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग गिरणी बंद पडली. सरकारने १९५० च्या जानेवारीत वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला आणि तो खटला थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. आज कायद्याचे विद्यार्थी तो अभ्यासतात. आजीला त्यातले एवढेच आठवे, की ज्यांच्या घरचे हात दिवसभर कापड काढत, त्या बायका त्या दिवाळीत दंडावर दंड घालत होत्या.

आता माझी फजिती. इथे आलो त्या पहिल्या वर्षी जुन्या पँटच्या तुकड्याची घडी करून मी तापलेला बिडाचा तवा उचलला. कापड वितळून बोटांना चिकटले. पदार्थविज्ञान कोळून प्यालेला डॉक्टरेटवाला मी, पण पॉलिएस्टर २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि रिकामा तवा त्यापलीकडे सहज जातो, हे हात भाजल्यावर आठवले. सूत वितळत नाही, करपते, म्हणजे निदान वासाने इशारा तरी देते. घडी मात्र कोरडी हवी. हात भाजत नाही तो थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे, आणि पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेते. "ओल्या फडक्यानं धरू नकोस" म्हणून आजी ओरडायची, तिला हे आकडे ठाऊक नव्हते एवढेच.

तर लुगड्याचा निकाल असा लागला. सौ.ने ते पलंगावर उलगडले आणि मध्यभागी दंड दिसला, हाताने घातलेले बारीक, सारखे टाके. म्हणजे आजीने स्वतःच त्याला कात्री लावलेली होती. माझा मुद्दाच संपला. दंडाला हात लावायचा नाही एवढी अट मी घातली आणि कन्येने विरलेल्या टोकाकडून चार चौकोन कापले. फडक्याचा एक कोपरा तिरका गेला आहे. कडेला दोन लांब पट्ट्या उरल्या. त्यांचे काय करायचे ते सोलापूरला आईला फोनवर विचारले. कॅमेऱ्यासमोर पंचा पिळून तिने चुंबळ कशी वळायची ते नातीला तीनदा दाखवले. आता आमची गोल बुडाची कढई ओट्यावर डुगडुगत नाही.